नवऱ्याचं पथ्य

छगनलाल शेठ आजारी आहेत हे कळलं तेव्हा म्हसावदच्या मारवाडी गल्लीला एकच काळजी पडली: आता हा आजार शेठ कुणाकडून भोगून घेणार? कारण स्वतःच्या अंगाने करायची कामं त्यांनी आयुष्यात तीनच ठेवली होती. जेवणं, झोपणं आणि गादीवर लोडाला टेकून बसणं. बाकी सगळं परभारे. शहाद्याच्या कचेरीत बोलावणं आलं की मुनीम रतिलाल जाई. एकादशी धरायला एक ब्राह्मण लावून दिला होता. तो त्याच्या घरी उपाशी राही आणि शेठ इकडे निर्धास्तपणे बासुंदी खात. काशीलाही रतिलालच जाऊन आला. गंगेत त्याने दोन बुड्या मारल्या, एक स्वतःची आणि एक शेठची, आणि शेठच्या बुडीला आपण जास्त वेळ दम धरला हे तो पुढे कित्येक वर्षं सांगत असे. थोरले बंधू अमरचंद वारले तेव्हा मात्र डोक्यावरचे केस स्वतःचेच द्यावे लागले, आणि त्याची हळहळ शेठ बरेच दिवस करीत होते.

या परभाऱ्या कारभारातला सगळ्यात जड वाटा होता त्यांच्या बायकोच्या अंगावर, तीजाबाईच्या. ही गोष्ट तिची आहे. शेठ मध्ये मध्ये येतील, पण त्याला इलाज नाही. ते तिच्याही आयुष्यात असेच मध्ये मध्ये येत.

तीजाबाईचा जन्म मारवाडातला, चैत्रातल्या गणगौरीच्या तिजेचा, म्हणून नाव तीजा. तेराव्या वर्षी लग्न होऊन ती १९१२ साली आगगाडीने नंदुरबारला उतरली आणि तिथून बैलांच्या दमणीत बसून, प्रकाशा गावाजवळ तापी ओलांडून म्हसावदला आली. पुढे दुकान, मागे घर, त्याच्या मागे गोठा, आणि लांबवर सातपुड्याची निळी रांग. घुंगटातून तिला यातलं निम्मंच दिसलं. उरलेलं तिला जेठाणीने दाखवलं. जेठाणी म्हणजे अमरचंदांची बायको रूपकंवर, तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. घुंगट किती ओढायचा, नवऱ्याशी चारचौघांत बोलायचं नसतं, बोलायचंच झालं तर मधे कुणाला तरी घेऊन कसं बोलायचं, हे सगळं रूपकंवरने शिकवलं. आणि शिकवले उपास.

त्यात मोठा उपास गणगौरीचा. होळीच्या दुसऱ्या दिवसापासून बायकांनी मातीच्या गवरीला रोज दूर्वांनी पाणी घालायचं, आणि शेवटच्या दिवशी, तिजेला, पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. गवरीला नैवेद्य गुण्यांचा. गुणे म्हणजे मैद्याची तळलेली, पाकात बुडवलेली कडी. हा प्रसाद बायकांनीच खायचा, पुरुषांना तो देत नाहीत, आणि वर्षातला तेवढा एकच गोड पदार्थ छगनलालांना लांबून बघावा लागे. पण उपास मात्र सगळा त्यांच्यासाठी. नवरा जगावा म्हणून बायकोने उपाशी राहायचं ही वाटणी कुणी करून ठेवली ते तीजाबाईने कधी विचारलं नाही. पुढे पुढे तिला वाटू लागलं, की जो कुणी होता तो आपल्या सासरच्या घराण्यातलाच असावा.

रूपकंवर उपासाला भारी कडक. ताप असो, दिवस गेलेले असोत, गवरीच्या दिवशी ती आवंढासुद्धा जपून गिळे. आणि तरीही अमरचंद गेले. त्यांची लघवी गोड झाली होती. मोरीला मुंग्या लागत. मग पाठीवर काळपुळी उठली आणि बाविसाव्या दिवशी शेचाळीस वर्षांचा धडधाकट दिसणारा माणूस संपला. रूपकंवरचा चुडा फुटला, अंगावर गडद तपकिरी कपडा आला आणि ती मागच्या खोलीत जाऊन बसली ती बसलीच. सणाला तिने बाहेर यायचं नाही, सकाळी कुणाच्या समोर पडायचं नाही. तिचं ताट आत नेऊन देण्याचं काम तीजाबाईकडे आलं. रोज दोन वेळा ती त्या खोलीचा उंबरा ओलांडी, ताट ठेवी आणि बाहेर येऊन मोठा श्वास घेई. आपलीही एक जागा तिथे, त्या दुसऱ्या भिंतीला, राखून ठेवली आहे असं तिला वाटे.

म्हणून १९३३च्या दिवाळीनंतर एका सकाळी तिने घरच्या मोरीला मुंग्यांची रांग पाहिली तेव्हा ती तिथेच मटकन खाली बसली. मुंग्या अगदी शिस्तीत चालल्या होत्या. तिने त्यांच्यावर पाणी ओतलं, त्या वाहून गेल्या, आणि दुपारी परत आल्या.

धुळ्याच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्याने बाटलीत लघवी तापवून पाहिली आणि रोज सुई टोचून घ्यावी लागेल म्हणून सांगितलं. शेठनी रतिलालकडे पाहिलं. सुई परभारे टोचून घेता येणार नाही असं कळल्यावर तो डॉक्टर शेठना अडाणी वाटू लागला. आपला आयुर्वेदच बरा, असं म्हणत ते परत आले आणि तापीकाठच्या पितांबर वैद्यांना बोलावणं धाडलं.

पितांबर वैद्य जातीने गुजर, घरची केळी-कापसाची शेती, वैद्यकी बापापासून चालत आलेली. अंगाने काटक, जिभेने त्याहून. आले ते सर्व्हिस मोटारीने. आल्याबरोबर चहा घेतला, मग नाडी धरली, मग पुन्हा चहा घेतला, आणि चहा किती वाईट हे सांगायला बसले. जुन्या पोथ्यांत या रोगाचं कारण लिहिलंय म्हणाले. बसायचं सुख, झोपायचं सुख, दही, नवं धान्य, गूळ-साखर. तेव्हाच्या लोकांना एवढ्यानेही रोग होई, मग आता काय विचारता. पूर्वी शेठ लोक उधारी मागायला तट्टावर बसून धडगावच्या डोंगरापर्यंत जात, आता मोटारीत बसतात. पूर्वी घरात जातं फिरे, आता गावात इंजिनाची चक्की टुकटुक करते. साखर लग्नात दिसायची, ती आता रोज सहा वेळा बशीतून पोटात जाते. अंगाचं सगळं काम यंत्राला दिलं आणि पोटातला अग्नी बसून राहिला. ठाणबंद बैलाला नुसती सरकी चारल्यावर त्याचं जे होतं ते शेठचं झालंय. निदान इतकं चोख होतं, की शेठसुद्धा मान डोलवू लागले. दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय अशा समजुतीने ते ऐकत होते.

मग उपाय निघाले. भगर आणि जुने जव खायचे. कारल्याचा रस, हळद-आवळा रोज सकाळी. दही, साखर, दुपारची झोप बंद. रोज दोन कोस चालायचं. आणि शेवटचा उपाय वैद्यांनी बोट वर करून सांगितला. गरिबाला हा रोग झाला तर त्याने अनवाणी, भीक मागत शंभर योजनं चालावं, आणि श्रीमंताला झाला तर त्याने विहीर खणावी, असं पोथीत आहे. शेठनी विहीर खणावी.

शेठच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा तजेला आला. विहीर खणणं म्हणजे धर्माचं काम, आणि धर्माचं काम कसं करायचं असतं हे त्यांना वैद्यापेक्षा जास्त माहीत होतं. देऊळ बांधलं म्हणतो तो काही स्वतः विटा रचत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गावाबाहेरच्या शेतात नारळ फोडला आणि विहीर खणायला भिलाला लावलं. भिला हा डोंगराकडून खाली येऊन राहिलेला खणकऱ्या. त्याची बायको धनुबाई शेठच्या घरी धुणंभांडी करी आणि दुपारी विहिरीवर मातीची टोपली उचली. दोन कोस चालण्याचं काम अर्थातच रतिलालकडे गेलं. तो रोज पहाटे काठी घेऊन निघे आणि परत आल्यावर, झालं शेठ, म्हणून कळवी.

राहिलं पथ्य. ते तीजाबाईकडे आलं. शेठनी तिला मुद्दाम आत येऊन समजावलं. बायको ही अर्धांगी असते. तिच्या उपासाचं पुण्य नवऱ्याला लागतं, हे तर शास्त्र आहे. बावीस वर्षं ती गवरीला उपाशी राहते म्हणून तर आपण जगतो आहोत. मग पुण्य लागतं तर पथ्य का लागू नये? तीजाबाईला यात चूक काय ते सापडेना. बावीस वर्षं ती जे करत होती ते खरं असेल तर हेही खरं असायला हवं. आणि मागच्या खोलीचा विचार मनात आला की ती कारल्याचा रस दुप्पट पिई.

सगळा हिवाळा हे पथ्य चाललं. तीजाबाई भगर खाई, दही शिवत नसे, दुपारी डोळा लागू नये म्हणून जातं पुन्हा मांडून दळत बसे. रतिलाल चाले. भिला खणे. आणि शेठ विहिरीच्या काठावर छत्रीखाली खुर्ची टाकून, भज्यांचं ताट मांडीवर घेऊन, आपला उपचार नीट चाललाय की नाही यावर लक्ष ठेवत.

गुण आला, तो फारच झपाट्याने आला. रतिलालचा वीस वर्षांचा मलावरोध गेला आणि त्याला आपण उगाच लहानपणापासून चिडके होतो की काय अशी शंका येऊ लागली. तीजाबाईचे गुडघे, जे जिना चढताना कुरकुरत, ते गप्प झाले. पोटातला वात गेला, चेहरा उजळला, आणि गल्लीतल्या बायका तिला हळूच विचारू लागल्या की काही गोड बातमी आहे का. तिच्या दोन्ही मुली उजवून सासरी नांदत होत्या, त्यामुळे ती नुसती हसे. भिला आधीपासूनच लोखंडासारखा होता, तो तसाच राहिला. फक्त शेठ सुकत चालले. गळ्याची माळ सैल झाली, तहान तांब्याने भागेना, आणि फाल्गुनात त्यांच्या मानेवर एक फोड आला.

पितांबर वैद्य होळीनंतर पुन्हा आले, चहा घेतला आणि नाडी पाहिली. त्यांच्या कपाळाला आठी पडली. विहीर खणता का, म्हणून विचारलं. शेठ म्हणाले, पाच पुरुष खोल गेली. हात दाखवा म्हणाले. शेठचे तळवे लोण्यासारखे मऊ. मग हळूहळू सगळा घोळ बाहेर आला. वैद्यांनी रतिलालची नाडी पाहिली, उत्तम. भिलाला बोलावून त्याची पाहिली, त्याहून उत्तम. भिला घाबरला, आपण आजारी आहोत हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही म्हणाला. शेवटी दारामागे उभ्या असलेल्या तीजाबाईकडे वैद्य वळले. तिच्याशी ते हलक्या आवाजात, गावच्या अहिराणीत बोलले.

"बाई, ज्यानी नाडी त्यानीच शे. दुसरानं खायेल औषध आपला पोटमा येत नही."

तिने धनुबाईला पुढे करून विचारलं, किती दिवस. वैद्यांनी मानेवरच्या फोडाकडे पाहिलं आणि म्हणाले, थोरल्या भावाचं तुम्ही बघितलंच आहे, असंच चाललं तर पावसाळा निघायचा नाही. मग ते जेवले आणि ओसरीवर आडवे झाले. दुपारची झोप वाईट ना, असं रतिलालने विचारलं, तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडाला ती चालते असं सांगून ते घोरू लागले.

तीजाबाईने शेठना सगळं सांगून पाहिलं, रडून पाहिलं. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, गणगौर चार दिवसांवर आली आहे, या वेळी उपास जरा जास्त कडक कर. वाटल्यास आदल्या दिवसापासून धर. एवढं बोलून ते दुकानात गेले, आणि चहाची हाक आली.

तिजेच्या दिवशी सकाळी तीजाबाईने गुणे तळले, पाकात टाकले, ताटात रचले. तोंडात पाणी नाही. ताट झाकून ठेवून ती रूपकंवरचं जेवण घेऊन मागच्या खोलीत गेली, आणि या वेळी ताट ठेवून बाहेर पळाली नाही. जेठाणीच्या समोर बसली. वैद्य काय बोलला ते तिने सांगितलं. मग इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं, की आपण आणखी काय करायचं बाकी ठेवलंय. रूपकंवर भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. ती वळली. सणाच्या दिवशी विधवेने सवाष्णीच्या तोंडाकडे बघू नये म्हणतात, पण ती बघत राहिली.

"बिनणी," तिने धाकट्या जावेला हाक मारली, "मी एकही उपास चुकवला नव्हता."

एवढंच बोलली. या खोलीत नऊ वर्षं तीजाबाई ताट नेत होती, आणि ही गोष्ट तिथे नऊ वर्षं तिच्या डोळ्यांसमोर बसलेली होती. तिला रागही आला. स्वतःचा, शेठचा, गवरीचासुद्धा. आपण उपाशी राहतो म्हणून तो माणूस पोटभर खातो. आपण आहोत तोवर तो खुर्चीवरून उठणार नाही.

तिने गुण्यांचं ताट उचललं, धनुबाईला सोबत घेतलं आणि भर दुपारी, गल्लीतल्या सगळ्या दारांसमोरून चालत शेतावर गेली. शेठ खुर्चीवर होते. रतिलाल होता, खाली विहिरीत भिला आणि त्याचे दोन साथीदार होते, बांधावर आणखी चार माणसं गप्पा मारत बसली होती. तीजाबाई शेठच्या समोर जाऊन उभी राहिली. घुंगट तिने काढला नाही, पण तोंडापुरता वर केला. ताटातला एक गुणा उचलला आणि खाल्ला.

बावीस वर्षांचा उपास, पूजेआधी, सूर्य डोक्यावर असताना मोडला होता. समोरचा माणूस आत्ता कोसळतो की काय, म्हणून ती त्याच्याकडे टक लावून बघत होती. शेठना उचकी लागली. ती घाबरली, पण उचकी थांबली आणि शेठ तसेच बसून राहिले. मग तिने दुसरा गुणा खाल्ला. आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, चारचौघांत, मधे कुणाला न घेता ती नवऱ्याशी बोलली. सगळ्यांना कळावं म्हणून अहिराणीत बोलली.

"आजपाईन तुम्हनाकरता मी काहीच करनार नही. उपास बी नही, पथ्य बी नही. जगनं व्हई ते आपलं आपण जगा."

बांधावरची माणसं उठून उभी राहिली. शेठच्या हातातल्या बशीतला चहा धोतरावर सांडला. डॉक्टरने भीती घातली होती, वैद्याने घातली होती, पण ती त्यांना कधी लागली नव्हती, कारण घरात एक बाई उपाशी होती. आता ती समोर उभी राहून तिसरा गुणा खात होती. त्यांनी कावऱ्याबावऱ्या नजरेने रतिलालकडे पाहिलं. रतिलाल म्हणाला, माझी ना नाही शेठ, पण गवरीचा उपास पुरुषाचा चालत नाही. मग त्यांची नजर धनुबाईवर गेली. आजच्या दिवसापुरता हा उपास तू धरशील का, असं त्यांनी खरोखरच विचारलं. धनुबाईने टोपली कमरेवर घेतली.

"मी मन्हा भिलाकरता कधीच उपास करा नही," ती म्हणाली. "तरी पहा तो कसा शे."

सगळ्यांनी विहिरीत वाकून पाहिलं. पाच पुरुष खाली भिला उघड्या अंगाने उभा होता, घामाने चकाकत होता, आणि वर काय चाललंय हे न कळून हसत होता. छगनलालांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ते उठले. पगडी खुर्चीवर ठेवली, आणि बाहेर काढायला सोपं जावं म्हणून कमरेला दोर बांधून घेऊन, देवाची आणि गव्हर्नरची नावं आलटून पालटून घेत, खाली उतरले.

पहिल्या दिवशी त्यांनी कुदळीचे अकरा घाव घातले, त्यांतले चार मुरमाला लागले. त्यांना खुर्चीत बसवून वर ओढावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते येणार नाहीत अशी सगळ्यांची खात्री होती, पण घरी स्वयंपाकघरात तीजाबाई त्यांच्यासमोर बसून पुरणपोळी खात होती, आणि हे दृश्य त्यांना सहन होईना. ते आले. खाली चहा मागितला तर भिला म्हणे, खाली चहा उतरत नाही. भज्यांचं ताट सोडलं तर त्यात माती पडे. भूक लागली की भिला आपल्या फडक्यातली भाकर आणि मिरचीचा ठेचा पुढे करी. वैशाख आला तेव्हा शेठचे तळवे भिलासारखे झाले होते, मानेवरचा फोड बसला होता, आणि ते झोपेत कुदळ मागत. ज्येष्ठात विहिरीला पाणी लागलं. ते नेमकं शेठ लघवीसाठी वर आले होते तेव्हा लागलं, पण पुढे सांगताना तो घाव शेठचाच झाला, आणि भिलानेही त्याला हरकत घेतली नाही.

मोरीच्या मुंग्या आषाढात गेल्या. तीजाबाई रोज सकाळी जाऊन बघून येई.

गल्लीने तिला सोडलं नाही. गुणे खाल्ल्या दिवसापासून ती नवऱ्याच्या जिवावर उठलेली बाई ठरली होती. शेठ बरे झाल्यावर गल्ली चार दिवस गप्प बसली आणि मग तिने शोध लावला, की तीजाबाईने काहीतरी गुप्त व्रत केलं असणार, वरवर खाल्लं तो नुसता देखावा. विहिरीच्या गुणाची ख्याती पसरली. त्या वर्षी गल्लीतल्या तीन शेठांनी विहिरी खणायला काढल्या. माणसं लावून. पितांबर वैद्यांनी कपाळाला हात लावला, पण भिलाची तीन वर्षांची सोय झाली.

तीजाबाईने पुन्हा कधी उपास केला नाही. दर गणगौरीला ती गवरीची पूजा करी, गुणे तळी, आणि नैवेद्य दाखवून झाला की पहिले दोन गुणे घेऊन मागच्या खोलीत जाई. विधवेने गवरीचा प्रसाद खायचा नसतो. रूपकंवर पहिल्या वर्षी नाही म्हणाली, दुसऱ्या वर्षी तिने हात पुढे केला. पुढे ती खोलीच्या दारात बसू लागली, मग ओसरीवर. छगनलाल ते बघत आणि आपल्या वाटेने निघत. त्यांना सकाळी शेतावर जायचं असे. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांनी आणखी दोन विहिरी काढल्या आणि दोन्ही वेळा अर्ध्या कामाला स्वतः खाली उतरले. चहा मात्र सुटला नाही, पण बिनसाखरेचा झाला.

१९४६ साली माघात तीजाबाईला ताप आला. जोराचा हिवताप, तीनच दिवसांचा. पितांबर वैद्य म्हातारे झाले होते, तरी आले, पण यायला उशीर झाला. सत्तेचाळिसाव्या वर्षी ती गेली, कपाळाला कुंकू, हातात चुडा, अंगावर लाल चुनडी. सगळी गल्ली गोळा झाली. केवढी भाग्याची, सवाष्ण गेली, बायका एकमेकींना सांगत होत्या. हे सगळं तिच्या उपासांचं फळ. रूपकंवर कोपऱ्यात बसली होती. ती त्या रडण्यात एकदम हसली, आणि मग तिला रडू आवरेना. बायकांना वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं.

दीड महिन्याने होळी झाली आणि पुढे गणगौर आली. गल्लीत दारोदारी गुण्यांचा वास सुटला. छगनलाल सकाळी उठले, अंघोळ केली आणि ओसरीवर येऊन बसले. चहा आला तो त्यांनी परत पाठवला. दुपारचं ताट आलं, तेही परत गेलं. पाणीसुद्धा घेतलं नाही. वैशाखासारखं ऊन होतं. रतिलाल आता साठीला आला होता, पण पायांनी तरुण. त्याला काय चाललंय ते दुपारनंतर उमगलं. तो जवळ जाऊन बसला, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने विचारून बसला, की शेठ, तुम्ही काहीतरी खाऊन घ्या, उरलेल्या दिवसाचा उपास मी धरतो.

छगनलालांनी मान हलवली.

"नही रतिलाल," ते म्हणाले, "हाऊ मन्हा शे."

आणि मागच्या खोलीतून रूपकंवर बाहेर आली, त्यांच्यापासून जरा लांब ओसरीवर टेकली, आणि दिवस मावळेपर्यंत दोघं तिथे बसून राहिली.